थंडीचें वर्तमान आणि शेजारधर्म

हिवाळा आल्याची पहिली बातमी आमच्या सदाशिव पेठेंत वर्तमानपत्रांतून येत नाहीं. ती माळ्यावरून खालीं येते. वर्षभर ट्रंकेंत घडी होऊन पडलेल्या रजया, शाली आणि कानटोप्या गच्चीवर उन्हांत पसरल्या जातात, डांबराच्या गोळ्यांचा वास जिन्यांत दरवळूं लागतो, आणि मार्गशीर्ष जवळ आला हें कोणीं सांगावयास नको. दुसरी बातमी रस्त्यावर दिसते. बुचाच्या झाडाखालीं लांब देठांचीं पांढरीं फुलें सकाळीं पडलेलीं असतात. पदपथावर तिबेटी लोकांचीं लोंकरी कपड्यांचीं दुकानें लागतात. १९५९ सालीं आणि त्यानंतर ज्यांना आपला देश सोडून भारतांत यावें लागलें, त्यांच्या कुटुंबांतील हीं माणसें दर हिवाळ्यांत शहरोशहरीं स्वेटर विकावयास बसतात. मंडईंत हरभऱ्याच्या जुड्या, ओला वाटाणा, पावटा, गाजरें आणि आवळे यांचे ढीग उभे राहतात. तिसरी बातमी ऐकूं येते ती पहाटे. वरच्या मजल्यावरचे आजोबा खोकत असतात, शेजारचें मूल शाळेस जाण्यावरून कुरकुरत असतें, आणि घरोघरीं गरम पाण्याची धांदल चाललेली असते.

या बातम्या आपण दरवर्षीं ऐकतों. त्या सर्वांचा मिळून अर्थ काय होतो, एवढेंच मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

उन्हाळ्यांत माणूस आपण होऊन दार उघडतो, कारण आंत उकडतें. पावसाळ्यांत अनोळखी माणसेंहि एका वळचणीखालीं उभीं राहतात. हिवाळ्याची गोष्ट निराळी आहे. हिवाळा माणसास दार लावून घ्यावयास सांगतो. दिवस मावळला कीं खिडक्या बंद होतात, कट्टे ओस पडतात, आणि वैशाखांत रात्रीं नऊ वाजतां गजबजलेली आळी पौषांत त्याच वेळीं मुकी होते. माझी अशी समजूत झाली आहे कीं, हिवाळ्यांतील आमच्या पुष्कळ चालीरीति म्हणजे या मिटूं पाहणाऱ्या दारांवरचे उपाय आहेत. त्यांचे धार्मिक अर्थ शास्त्र्यांनीं सांगावे. मी शाळामास्तर, मला त्यांचा शेजारधर्मापुरता अर्थ कळतो. तो अर्थ गळून पडला तर मागें नुसता फराळ उरेल, अशी भीति वाटते, म्हणून हें भाषण.

प्रथम थंडीविषयींच थोडें सांगतों. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. पाऊस संपून आकाश निरभ्र आणि हवा कोरडी झाली म्हणजे दिवसा जमिनीनें घेतलेली उष्णता रात्रीं बिनअडथळा निघून जाते. ढग असले तर ते पांघरुणाप्रमाणें ती अडवून धरतात. म्हणूनच जानेवारींत एखादे दिवशीं आभाळ भरून आलें कीं त्या रात्रीं थंडी कमी वाटते. त्यांतच उत्तरेकडून कोरडा वारा सुटला म्हणजे पारा झपाट्यानें उतरतो. भारताच्या हवामानखात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीस पुणेकर अद्यापि सिमला ऑफिसच म्हणतात. १९३५ च्या जानेवारींत पुण्याचा पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तितकी थंडी आम्हीं कोणीं पाहिलेली नाहीं. परंतु आठ-नऊ अंशांची पहाट आली कीं आमच्या पेठेंत तेवढाच गाजावाजा होतो.

याच रात्रींचा आणखी एक परिणाम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एरवीं जमिनीजवळची हवा उबदार आणि वरची थंड असते, त्यामुळें धूर वर चढतो. हिवाळ्याच्या पहाटे हा क्रम उलटतो. जमिनीलगतची हवा अधिक थंड व जड होते, तिच्यावर उबदार हवेचें झांकण बसतें, आणि खालचा धूर खालींच कोंडतो. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, असें समजून कानटोपी घालून फिरावयास जाणाऱ्या आम्हां वृद्धांनीं ही गोष्ट विसरूं नये. थोडें ऊन वर आल्यावर निघालेलें बरें.

आतां सूर्याचें गणित पाहा. पुण्यास वर्षांतील सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, सुमारें अकरा तासांचा. परंतु सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशीं नसतो. तो जानेवारीच्या मध्यावर येतो, सात वाजून गेल्यावर. म्हणजे संध्याकाळ लांबूं लागलेली असते, तरी सकाळ आणखी मागें मागें जातच असते. वर्गांत हें सांगितलें कीं मुलें घड्याळ लावून पडताळा पाहत आणि खूष होत. परंतु ज्यांना अंधारांतच कामास निघावें लागतें, त्यांना तें अंगावर शिकावें लागतें.

हीं माणसें कोण? चौकांत दिव्याखालीं बसून वर्तमानपत्रांत पुरवण्या घालणारीं मुलें. दुधाच्या पिशव्या टाकणारा. रस्ता झाडणाऱ्या बाया. घरोघरचा कचरा नेणाऱ्या कष्टकरी स्त्रिया, ज्यांच्यासारख्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ सालीं पुण्यांत उभी राहिली. आणि इमारतीचा रात्रीचा रखवालदार. थंडी सर्वांस सारखीच पडते असें आपण म्हणतों. अंशांच्या हिशेबानें तें खरें आहे. परंतु रजईंत पडून मोजलेले दहा अंश आणि झाडू हातांत धरून मोजलेले दहा अंश हे एक नव्हेत.

या ठिकाणीं आमच्या इमारतींतील एक हकीकत सांगणें प्राप्त आहे. गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची. मराठवाड्याकडून आलेला एक रखवालदार आमच्याकडे होता. रात्रीं तो अंगणाच्या कोपऱ्यांत शेकोटी पेटवी. आरंभीं पालापाचोळा असे, मग सुताराकडचीं फळकुटें, आणि तीं संपलीं कीं प्लॅस्टिकच्या पिशव्या व टायरचा तुकडा. वरच्या मजल्यांवर धूर जाई, लोक खोकत. तक्रार झाली, आणि सोसायटीच्या समितीनें शेकोटी बंद केली. निर्णय नियमास धरूनच होता; कचरा उघड्यावर जाळण्यास २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीं मनाई केलेली होती, आणि त्या धुरानें पहिलें नुकसान शेकणाऱ्याचेंच होतें. परंतु शेकोटी काढून घेतल्यावर तिच्या जागीं त्या माणसास काय द्यावयाचें, हा प्रश्न त्या सभेंत निघाला नाहीं.

त्यानें आपला मार्ग काढला. एका घमेल्यांत कोळसे पेटवून तें त्यानें आपल्या खोपटांत नेलें, आणि वारा लागतो म्हणून दार आंतून लोटून घेतलें. पहाटे साडेपांचास वर्तमानपत्राचा मुलगा आला. रोज हा रखवालदार त्याला रामराम करी. त्या दिवशीं आवाज आला नाहीं. मुलानें दार ढकललें, बेशुद्ध माणसास ओढून उघड्यावर आणलें, आणि आरडाओरडा करून इमारत जागी केली. माणूस वांचला. दोन दिवस रुग्णालयांत राहून परत आला. त्याला वांचविणारा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होता, आणि आमच्यापैकीं कोणालाहि तोंवर त्याचें नांव ठाऊक नव्हतें.

अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूच्या मानानें सुमारें दोनशें पट अधिक घट्ट जोडला जातो, त्यामुळें श्वास चालू असूनहि शरीर गुदमरतें. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग झोंप येते. आणि थंडींत उबेनें आलेली झोंप कोणास संशयास्पद वाटत नाहीं. शेगडी किंवा घमेलें बंद खोलींत ठेवून निजणें म्हणजे मृत्यूस आंत घेऊन कडी लावणें होय. हाच धोका न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरचा आहे. लहानशी न्हाणी, खिडकी थंडीमुळें बंद, आणि आंत गॅस जळत असलेला. अशानें पुण्यांतहि माणसें दगावलेलीं आहेत. गॅसचा गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेंत असावा. तें शक्य नसल्यास पाणी आधीं बादलींत काढून गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीस जावें. झरोक्यास पुठ्ठा लावून वारा अडविण्याची युक्ति कोणींहि करूं नये. ही एवढी सूचना ज्या घरीं पोंचेल त्या घरापुरतें माझें भाषण सार्थकीं लागलें असें मी समजेन.

त्या घटनेनंतर आमच्या इमारतींत एक पाळी सुरू झाली. रात्रीं अकरा वाजतां आणि पहाटे पांच वाजतां थर्मासमधून चहा खालीं जातो. आज पहिला मजला, उद्यां दुसरा. रखवालदाराच्या खोपटास नीट दार बसलें, विजेचा लहानसा हीटर आला, आणि दोन जाड रजया आल्या. चहाचा पहिला पेला वर्तमानपत्राच्या मुलास मिळतो. खर्च विचाराल तर एका हुरडा पार्टीस लागतो त्याहून कमी.

हुरड्याचें नांव निघालें म्हणून हिवाळ्याच्या खाण्याकडे वळतों. सूर्य धनु राशींत असतो तो काळ, म्हणजे सुमारें १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा महिना, धनुर्मास होय. घरगुती बोलींत धुंधुरमास. या महिन्यांत एखादे दिवशीं तरी उजाडतां उजाडतां जेवावयाची रीत आहे. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचें भरीत आणि गुळाचा खडा. पूर्वीं वाड्यांत एका बिऱ्हाडीं धुंधुरमास असला कीं चारी बिऱ्हाडांतील मुलें डोळे चोळीत पाटावर येऊन बसत. चौकांत तांब्याचा एक बंब धुमसत असे आणि त्याच्या पाण्यावर कित्येकांच्या आंघोळी होत. वाड्यांचें गुणगान करण्याचा माझा हेतु नाहीं. वाड्यांत ओल होती, ढेकूण होते, नळावरचीं भांडणें होतीं. परंतु कोणाच्या घरीं आज चूल पेटली नाहीं, हें वाड्यांत विचारावें लागत नसे. आज प्रत्येक घरीं स्वतंत्र नळ, स्वतंत्र गीझर, आणि दारास आंतून पाहण्याचें भिंग आहे. सुख वाढलें, हें चांगलेंच झालें. परंतु जें पूर्वीं आपोआप कळे, तें आतां मुद्दाम पाहावें लागतें, एवढाच फरक आपण ओळखावयास हवा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगें, भुईमूग, बोर, ऊंस अशा त्या ऋतूंतल्या पदार्थांची एकत्र भाजी. तिळांत जवळजवळ निम्मा भाग तेल असतें. कोरड्या थंडींत त्वचा फुटते, भूक वाढते, तेव्हां तीळ आणि गूळ ही जोडी कां ठरली हें वेगळें सांगावयास नको. कित्येक विद्यार्थी मला विचारीत कीं, उत्तरायण डिसेंबरांत सुरू होतें, मग संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस कां? उत्तर असें कीं, आमचीं पंचांगें राशी स्थिर ताऱ्यांच्या आधारें मोजतात, आणि अयनचलनामुळें सुमारें बहात्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणें संक्रांत खऱ्या उत्तरायणापासून दूर सरकत आली आहे. आकाशांतला मुहूर्त सरकला तरी लोकांनीं तीळगूळ सोडला नाहीं. कारण तीळगुळाचें काम आकाशांत नव्हतेंच. तें शेजारच्या दारीं होतें. वर्षभरांत ज्याच्याशीं बोलणें बंद झालें, त्याच्या घरीं जावयास त्या दिवशीं निमित्त मिळतें, आणि दोघांपैकीं कोणासहि कमीपणा येत नाहीं.

आमच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढें, मुलें परदेशीं, घरांत एकट्या. संक्रांतीचा हलवा त्या अजून हातानें करतात. मंद शेगडीवर परात, परातींत तीळ किंवा खसखस, त्यावर एकतारी पाकाचा चमचा-चमचा थेंब, आणि बोटांनीं सारखें हलवीत राहावयाचें. कोरडी थंडी असेल तरच हलव्यास चांगला कांटा येतो; ढगाळ दिवशीं तो रुसतो. म्हणून आजी पहाटे चारला, खिडकी उघडी ठेवून बसतात. त्यांच्या हलव्याचे दागिने आळींतील कितीतरी नव्या सुनांनीं काळ्या साडीवर घातले आहेत, आणि कितीतरी लहान मुलांचें बोरन्हाण त्यांच्याच मुकुटानें आणि हारानें झालें आहे.

परंतु संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवांस या आजींना कोणी बोलावीत नसे. त्या विधवा आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेनें एके वर्षीं सरळ विचारलें कीं, ज्यांच्या हातचा मुकुट माझ्या मुलाच्या डोक्यावर चालतो, त्या माझ्या घरीं कुंकवास कां चालत नाहींत? कांहीं प्रौढ बायांनीं रूढीचें नांव सांगितलें. वाद झाला. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचाहि दाखला निघाला. एका खेडेगांवास जें उमगलें तें पुण्याच्या पेठेस उमगूं नये, हें ऐकून पुष्कळ जणी गप्प झाल्या.

शेवटीं आमंत्रण गेलें. आणि आजींनीं तें नाकारलें! त्या म्हणाल्या, “इतकीं वर्षें मी कुठें होतें तें तुम्हांला ठाऊक होतें ना? मग मला तुमच्याकडे कशाला नेतां? तुम्हीच माझ्याकडे या. चहा मी करीन.” त्या वर्षींचें हळदीकुंकू तिसऱ्या मजल्यावर, आजींच्या खोलींत झालें. कचरा नेणाऱ्या दोघी बायाहि त्यास आल्या होत्या. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजीं लोंकरी कानपट्ट्या दिल्या. ज्या दोघीतिघी विरोधांत होत्या त्यांपैकीं एक उशिरा कां होईना आल्या; बाकीच्या आल्या नाहींत, आणि त्यांना कोणीं टोंचून बोललें नाहीं. सुधारणा म्हणतात ती अशीच जिना चढत जाते, एकेक पायरीनें.

डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या स्नेहसंमेलनांचा आणि क्रीडास्पर्धांचा काळ. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती येते. त्यांचा जन्म १८३१ चा. आमच्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत, १८४८ सालीं फुले दांपत्यानें मुलींची शाळा काढली. ही हकीकत मुलें तोंडपाठ म्हणून दाखवितात. मीहि कित्येक वर्षें ती पाठ करून घेतली. परंतु हिवाळ्याच्या संबंधानें मला त्यांच्या आयुष्याचा शेवट अधिक आठवतो. १८९६-९७ च्या हिवाळ्यांत पुण्यास प्लेगनें ग्रासलें. ज्या काळांत भीतीनें सख्ख्या माणसांनींहि दारें लावलीं, त्या काळांत सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांच्या शुश्रूषेस उभे राहिले. मुंढव्याच्या वस्तींतील एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. त्यांतच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. शेजारी कोण, या प्रश्नाचें याहून स्पष्ट उत्तर पुण्यानें पाहिलेलें नाहीं. मुंढवा पेठेला लागून नव्हता, आणि तें मूल त्यांच्या नात्याचें नव्हतें.

पुण्याच्या हिवाळ्याचें वर्तमान गाण्यावांचून पुरें होत नाहीं. आपले गुरु सवाई गंधर्व १९५२ सालीं निवर्तले, त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनीं १९५३ पासून संगीतमहोत्सव सुरू केला. तो डिसेंबरांत भरतो. पुष्कळ वर्षें तो रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्रभर चाले. पुढें रात्रींच्या ध्वनिवर्धकांवर निर्बंध आले आणि रात्रभराची मैफल मिटली, जागाहि बदलली. परंतु भारतीय बैठकीवर पहाटेपर्यंत बसलेले लोक मला आठवतात. पहाटे तीनच्या सुमारास गारठा असह्य होई, तेव्हां शेजारीं कोण बसलें आहे हें न विचारतां लोक आपल्या रजईचें एक टोंक त्याच्या गुडघ्यांवर सारीत, आणि कोणाच्या तरी थर्मासांतला चहा कोणाच्या तरी पेल्यांत जाई.

आतां मुख्य गोष्टीवर येतों. थंडींत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, आणि वृद्धांच्या हृदयावर ताण पडतो. शिवाय वय वाढलें कीं शरीरास थंडीची जाणीवहि उशिरा होते. अशा दिवसांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांनीं न्हाणींत घसरणें, चक्कर येऊन पडणें, हें नित्य घडतें. आणि बंद दारांमुळें तें कळावयास उशीर लागतो. आमच्या इमारतींत अशीं एकटीं राहणारीं वृद्ध माणसें आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण कोणाची मदत मागावयाचे नाहींत. पुणेरी माणसास मदत देतां येते, मागतां येत नाहीं.

यावर तोडगा हलव्याच्या आजींनींच सुचविला. त्या म्हणाल्या, “माझ्या दाराला दुधाची पिशवी सकाळीं सहाला लागते. आठ वाजतांहि ती तिथेंच दिसली, तर ज्याला दिसेल त्यानें हाक मारावी. मी उत्तर दिलें कीं आपल्या वाटेनें जावें.” एका गृहस्थांनीं आक्षेप घेतला कीं, ही दुसऱ्याच्या घरांत नाक खुपसण्याची संवय होईल. आजी म्हणाल्या, “माझ्या दारावरच्या पिशवीकडे पाहा म्हणतें, दाराला कान लावा म्हणत नाहीं.” भेद इतका नेमका होता कीं पुढें कोणी बोललें नाहीं. ज्यांना हवें त्यांनींच नांव द्यावें असें ठरलें. पहिल्या आठवड्यांत तिघांनींच दिलें; थंडी वाढली तसे आणखी कांहीं जण आले.

आजवर कित्येकदां हांका माराव्या लागल्या, आणि बहुतेक वेळां आंतून त्रासिक आवाज आला, “अहो, झोंप लागली होती!” असा त्रासिक आवाज ऐकण्यासारखें सुख नाहीं. एकदां मात्र उत्तर आलें नाहीं. पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त कारकून पहाटे पडले होते. उठतां येत नव्हतें, आवाज फुटत नव्हता. शाळेस निघालेल्या एका मुलीनें पिशवी पाहिली आणि हाक मारली. शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्लीनें दार उघडलें. पायाचें हाड मोडलें होतें. माणूस मात्र हातीं लागला. आतां ते काठी घेऊन गच्चीवर उन्हांत बसतात आणि त्या मुलीस इंग्रजी व्याकरण शिकवितात. मुलगी त्याबद्दल फारशी कृतज्ञ नाहीं, असें तिची आई सांगते.

श्रोतेहो, मीं आपणांस कोणतीहि मोठी योजना सांगितलेली नाहीं. यास निधि नको, अध्यक्ष नको, उद्‌घाटन तर नकोच. आपल्या इमारतींत रात्रीं जागणारा माणूस कोण, त्याला ऊब कशाची मिळते, एवढें आज विचारावें. न्हाणीचा झरोका उघडा आहे कीं नाहीं, तें पाहावें. संक्रांतीचा तीळगूळ ज्या दारीं आजवर गेला नाहीं अशा एका दारीं न्यावा. आणि उद्यां सकाळीं आठ वाजतां जिना उतरतांना शेजारच्या दारावर अजून पिशवी लोंबत असेल, तर दोन पायऱ्या परत चढून एक हाक मारावी.